जालिंदर मिस्त्रीची पहिली चूक

अक्कलकोट रोडला गॅरेजांची जी रांग आहे, तिथं जालिंदर मिस्त्रीचं गॅरेज कुठं म्हणून कुणालाही विचारा. माणूस आधी कीव आल्यासारखं तुमच्याकडं बघेल, मग हात दाखवील. जालिंदरकडं गेलं की गाडी दुरुस्त होते आणि आपण बिघडून परत येतो, असं तिथं सगळेच म्हणतात. बॉनेट उघडायच्या आधी तो गाडीच्या मालकाला उघडा पाडायचा. "गाडी चालवताय का नांगर?" हा त्याच्याकडचा नमस्कार. कुणी मध्येच शहाणपणानं दोन शब्द बोललं, तर हातातला पाना त्याच्यापुढं धरून म्हणायचा, "घ्या, तुमीच करा. मी बसतो खुर्चीवर."

आणि तरी लोक जायचे. का जायचे? कारण जालिंदरनं हात लावलेली गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा कधी गॅरेजची पायरी चढली नव्हती. शेजारचा टायरवाला कल्लप्पा त्याचा पक्का वैरी, पण तोसुद्धा शिव्या घालून शेवटी म्हणायचा, "माणूस इंगळी हाय, पण काम म्हंजे काम."

त्याच्याकडं राहिलं होतं ते एवढंच. बाप गेल्यावर केम गावाहून मिसरूड फुटायच्या आत सोलापूरला आलेला हा पोरगा, ट्रकांखाली लोळून मिस्त्री झाला. धाकट्या भावाला, रावजीला, शिकवलं. लग्न केलं, मुलगी झाली, आणि मग एकेक करून सगळी माणसं त्यानं आपल्या जिभेनं हाकलली. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली, तो नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो, तरी बाई परत आलेली नाही. आई सोजरबाई तेवढी टिकली होती. एके दिवशी भाकरी करपली म्हणून ह्यानं ताट भिरकावलं आणि वर म्हणाला, "आता तुला चूल बी सुदरंना व्हय?" म्हातारीनं ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जुळे सोलापूरला रावजीच्या फ्लॅटवर गेली. त्याला सहा वर्षं झाली. जाऊन आणावं एवढं ह्याला वाटायचं. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठं? मग काम चांगलं करायचं आणि लोकांवर डाफरायचं, एवढाच उद्योग उरला. कामात नाव होतं तोवर घर रिकामं आहे हे त्याला दिवसा तरी जाणवायचं नाही.

रावजी प्लॉटांच्या धंद्यात होता. शिकवलं थोरल्यानं, पण हे तो कुणाला सांगायचा नाही, आणि थोरला ते सांगितल्याशिवाय राहायचा नाही. दोघांची तोंडं वाकडी व्हायला तेवढं पुरेसं होतं.

तर ह्या रावजीनं पुण्याहून एक जुनी परदेशी गाडी उचलून आणली. दोन दारांची, लालभडक, जमिनीला पोट घासत चालणारी. सोलापुरातल्या गतिरोधकांवर ती गाडी म्हणजे पाटावर बसलेला हत्ती. पण रावजीला हौस. गाडी पळायची झकास, थांबायचं तिच्या मनावर होतं. मागच्या ब्रेकच्या डिस्क झिजून पत्र्यासारख्या झालेल्या, वर गंजाचे पापुद्रे. चार ठिकाणी फिरला. एकानं सांगितलं, पार्ट मिळणार नाहीत. दुसऱ्यानं मागच्या ब्रेकचा पिस्टन शिकंज्यात धरून दाबायला घेतला, तेव्हा रावजीच घाबरून गाडी घेऊन पळाला. शेवटी झक मारत थोरल्याच्या दारात आला.

"करणार असशील तर कर," रावजी म्हणाला. "न्हायतर सांग, पुण्याला धाडतो."

"पुण्याला धाड की. जाताना हायवेला थांबली न्हाय, तर प्लॉट मोजायला वरच जाशील."

"दसऱ्याला केमला न्यायचीय. आईला पुढच्या शिटवर बसवून. गावानं बघितलं पायजे."

जालिंदरनं चिंधीला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग किल्ली घेण्यासाठी हात पुढं केला आणि म्हणाला, "डिस्क आन पॅड मागव. मी सांगतो तेच मागव, स्वस्तातलं आणलंस तर तुझ्याच गळ्यात बांधीन."

आता हे काम दिसायला सोपं आहे. चाक काढा, जुनी डिस्क काढा, नवी घाला. पण वीस-बावीस वर्षांची गाडी कुठलाही बोल्ट सुखासुखी सोडत नाही. जालिंदरनं दोन दिवस नुसतं गंजाशी भांडण केलं. बोल्टांवर तेल सोडायचं, तापवायचं, ठोकायचं, शिव्या द्यायच्या, परत तेल सोडायचं. एक स्क्रू डोकंच गमावून बसला, तो ड्रिलनं पोखरून काढला. डिस्क बैठकीला अशी चिकटली होती की हातोड्याच्या घावांनी कल्लप्पा दुपारची झोप मोडून बाहेर आला आणि त्याचाही उद्धार झाला. बैठक तारेच्या ब्रशनं घासून चांदीसारखी केली. कारण खाली कणभर गंज राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. मागचा पिस्टन दाबून आत जात नाही, त्याच्यात हँडब्रेकची गुंतागुंत असते. तो फिरवत फिरवत न्यावा लागतो. जालिंदरनं त्यासाठी स्वतः हत्यार घडवलेलं होतं. नव्या डिस्क खोक्यातून निघतात तेव्हा त्यांना गंज धरू नये म्हणून कंपनीनं तेल फासलेलं असतं. ते त्यानं पेट्रोलनं एकदा पुसलं, मग दुसऱ्यांदा, मग कोरडं फडकं फिरवून बोट लावून बघितलं. तेलाचा हात लागला की ब्रेक संपला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काम करताना त्याच्या डोक्यात ती पुढची सीटच होती. रावजीसाठी त्यानं इतकं घासलं नसतं, हे आपण स्पष्टच म्हणूया.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी डिस्क, तिला दोन्हीकडून धरणारे पॅड, पॅड दाबणारे कॅलिपर, सगळं जागेवर बसलं होतं. गाडी स्टँडवर, मागची चाकं काढलेली. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, चाकं बसवायची, एक चक्कर मारायची, की संपलं. रांगेतली बाकीची गॅरेजं बंद होती. जो तो आपली हत्यारं धुऊन, मांडून, पूजेला लावून मोकळा झाला होता. खंडेनवमीला हत्यार उचलायचं नसतं. जालिंदर मात्र उचलायचा. "कामाला लावलं हीच पूजा," असं म्हणायचा. कुणी पूजा करणारं घरात उरलं नव्हतं, हे म्हणायचा नाही.

अशात रावजी रिक्षातून आला. बरोबर सोजरबाई. "झाली का गाडी?"

"डोळं हायत न्हवं? चाकं दिसत्यात का?"

"सकाळी देतो म्हनला हुतास."

"सकाळ सरली न्हाय अजून. बोंबलू नगंस."

"हिला गाडीची पूजा करायला आणलीय. हितंच बसू दे. मी झेंडूची फुलं आन पेढं घिऊन येतो. तवर झाली पायजे," असं म्हणून रावजी त्याच रिक्षानं गेला. आईला विचारलं नाही, की बसशील का म्हणून. सामान ठेवून जावं तसा ठेवून गेला.

सहा वर्षांनी आई समोर उभी. अंगानं निम्मी झालेली. जालिंदरनं खुर्ची ओढली, स्वच्छ फडक्यानं पुसली आणि पुढं सरकवली. म्हातारी बसली.

"भाकरी खाल्लीस का रं?" तिनं विचारलं.

असल्या वेळी माणसानं काय बोलायचं असतं हे जालिंदरला कुणी शिकवलं नव्हतं, आणि स्वतः शिकायला त्यानं वेळ काढला नव्हता.

"ब्रेकचं तेल संपलंय," तो म्हणाला आणि तरातरा निघून गेला. खरं तर डब्यात तेल होतं. पुरेल की नाही अशी शंका होती एवढंच.

त्या दिवशी दुकानं बहुतेक बंद, म्हणून त्याला लांब जावं लागलं. इकडं सोजरबाई खुर्चीवर बसून गॅरेज बघत होती. नवमीचा दिवस आणि ह्याची हत्यारं काळीकुट्ट, पसरलेली, ना हळद ना कुंकू. जिनं सारी हयात विळे, कोयते, कुऱ्हाडी धुऊन, तेल चोळून, शेंदूर लावून पूजले, तिला हे बघवेना. पिशवीत गाडीच्या पूजेचं सगळं होतंच. तिनं पदर खोचला. पाने, हातोडे, पकडी पुसून गोणपाटावर ओळीनं मांडल्या, तेलात शेंदूर कालवून प्रत्येकाला बोट लावलं. मग तिचं लक्ष गाडीकडं गेलं. चाकं नव्हती आणि चाकांच्या जागी नव्याकोऱ्या लोखंडी थाळ्या चकाकत होत्या. लेकानं हातानं बसवलेल्या. कोरडं लोखंड! चार दिवसांत गंजणार. विळ्याला चोळतात तसं तिनं दोन्ही बाजूंच्या डिस्कना तेल चोळलं. हातानं फिरवल्या, म्हणजे मागंपुढं सगळीकडं लागावं. फिरवलं की ते पॅडांमध्ये ओढलं जातं, हे तिला कुठून माहीत असणार? वर शेंदराची पाच पाच बोटं उठवली आणि हात जोडले.

जालिंदर परत आला तेव्हा ती हसत होती.

"बघ की, कसं झ्याक दिसतंय. आता गंज न्हाय धरायचा."

जालिंदरनं बघितलं. तेल डिस्कवरून ओघळून खाली फरशीवर ठिपकत होतं. त्याच्या तोंडाशी शिव्यांची रांग येऊन उभी राहिली. असल्या शिव्या, की कल्लप्पानं कानात बोटं घातली असती. डोळे तांबारले. "आगं ए..." म्हणून तो ओरडलाच.

म्हातारीचं हसू मावळलं. तिनं दोन्ही हात चटकन पदराखाली घेतले.

"काय चुकलं का रं माझं?"

त्यानं वाकून डिस्कला बोट लावलं.

"जालिंदर, रावजीला सांगू नगंस." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मागं त्याची मशीन बिघडली माझ्या हातनं, कापडं धुयाची. तवापास्नं म्हनतोय, पुन्ना काय नासलंस तर केमला पडक्या घरात न्हिऊन एकलीला टाकीन. त्यो टाकतोय बग. तितं मला पानी कोन देईल?"

आपल्या आईला कुणाची भीती वाटते, हे जालिंदरला आजवर माहीत नव्हतं. ताट भिरकावलं तेव्हाही ती भ्यालेली नव्हती, नुसती निघून गेली होती. ही म्हातारी आता पदराखाली हात लपवून चोरासारखी उभी होती. शिव्या तशाच आत गेल्या, पण त्यांची धग गेली नाही. फक्त तोंड बदललं. ती आता रावजीकडं होती.

"बस खुर्चीवर," तो खेकसला. "उठू नगंस."

त्यानं पेट्रोलचं फडकं घेऊन डिस्क पुसल्या. कॅलिपर उघडले, पॅड काढले. तेलानं भिजून फुगल्यासारखे झालेले, कडेला केशरी रेघ. डिस्क पुसता येते, पॅड पीत बसतो. प्यायलेलं तेल परत देत नाही. नवे पॅड पुण्याहून मागवायचे, म्हणजे दसरा गेलाच. त्यानं ते पॅड गाडीखालच्या जुन्या काळ्या ऑइलच्या ट्रेमध्ये टाकले. केशरी रंग दिसेनासा झाला.

रावजी आला तो फुलांची पाटी घेऊन, आणि मागून पेढ्याच्या वासानं कल्लप्पा.

"पूजा केली वाटतं, मिस्त्री?" कल्लप्पा गोणपाट बघून म्हणाला. "अय्यो, सुधारलात की!"

"गाडी?" रावजीनं विचारलं.

"न्हाय मिळायची. पॅड तेलात भिजल्यात. नवं मागवावं लागत्यात."

"तेलात? तेल कुठनं आलं?" रावजीनं एकदम म्हातारीकडं मान वळवली. "आये, तू काय हात लावलास का? हात दाव."

सोजरबाई जमिनीकडं बघत होती. पदराखालचे हात बाहेर येईनात.

"तिला काय इचारतूस?" जालिंदर म्हणाला. "ती खुर्चीवरनं उठली बी न्हाय. चूक माझी हाय. नव्या डिस्कला कंपनीचं तेल असतं, त्ये पुसायचं मी इसरलो."

कल्लप्पाच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. नव्या डिस्कचं तेल न पुसणं! ज्यानं काल पाना धरला त्यालाही गुरू हे पहिल्या दिवशी सांगतो. कल्लप्पानं वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते असं बसल्या जागी मिळालं.

आणि रावजी हसायला लागला. पोट धरून हसला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"परत बोल, दादा. हितं बगून बोल. लोकास्नी कळू दे, जालिंदर मिस्त्री कसं काम करतोय त्ये."

"रावजी, ठिव त्यो फोन."

"का? समद्यास्नी अक्कल शिकवतूस न्हवं? का खोटं बोलतूस? दुसऱ्या कुनाचं झाकतूस का?" आणि त्याची नजर पुन्हा खुर्चीकडं गेली.

जालिंदरनं मोबाईलकडं बघितलं. "डिस्कचं तेल पुसायचं इसरलो," तो म्हणाला. "माझीच चूक. दुसऱ्या कुनाची न्हाय."

"झालं? आता त्येच पॅड पुसून घाल आन दे गाडी. उद्या गावाला जायाचंय मला."

"न्हाय देत."

"माझी गाडी हाय!"

"तुझी असंना. ह्या पॅडावर ही गाडी माझ्या दारातनं हालायची न्हाय."

रावजीनं त्याची गचांडी धरली. फुलांची पाटी लवंडली, झेंडू सगळे ऑइलमध्ये. जालिंदरनं हात उचलला नाही, फक्त किल्ली खिशात घालून म्हणाला, "मार. मारून झालं की रिक्षा कर. तिला उनात चालवत न्हिऊ नगंस." एरवी ह्या माणसानं गचांडी धरणाऱ्याचा हात मोडला असता. हे न मोडणं बघूनच कल्लप्पाला मधे पडायचं सुचलं.

रावजी तोंडाला येईल ते बडबडत आईला घेऊन गेला. रिक्षात बसताना सोजरबाईनं मागं वळून बघितलं नाही. हात अजून पदराखालीच होते.

तो व्हिडिओ दसऱ्याचं सोनं लुटायच्या आत अक्कलकोट रोडवर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पोचला. सोलापुरात चांगली गोष्ट पायी चालते आणि वाईट गोष्टीला रिक्षा मिळते. ज्यांना ज्यांना जालिंदरनं म्हणून "गाडी चालवताय का नांगर" असं विचारलं होतं, ते सगळे आपली गाडी घेऊन, काम नसताना, नुसते बघायला आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलेले एक बागायतदार होते, बापूसाहेब म्हणून. त्यांनी जीप अर्धवट कामातून काढून दुसरीकडं नेली; वर म्हणाले, "मिस्त्री, वय झालं की होतंय असं, मनाला लावून घेऊ नका." हे ऐकून घेण्यापेक्षा त्याला गाडीखाली चिरडून घेणं परवडलं असतं. कल्लप्पा रोज सकाळी शटर उघडताना ओरडायचा, "मिस्त्री, तेल पुसलं का?" आणि रांगेतले सगळे खिदळायचे. नाचता येईना त्यांनासुद्धा आता दुसऱ्याचं अंगण वाकडं दिसायला लागलं. जालिंदर ऐकायचा आणि काम करायचा. काम तरी कुठलं? पंक्चरीनंतरचे बोल्ट आवळणं आणि हॉर्न दुरुस्त करणं. माणूस आग पाखडायचा थांबला होता, आणि तेच लोकांना कबुलीसारखं वाटत होतं.

एकदा त्यानं फोन उचलून रावजीचा नंबर काढला. खरं काय ते सांगावं, मोकळं व्हावं. मग केमचं ते पडकं घर त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि फोन खिशात गेला.

पॅड आले. त्यानं परत सगळं उघडलं, परत पुसलं, बसवलं, हवा काढली, गाडी रिकाम्या रस्त्यावर नेऊन चार वेळा करकचून थांबवली. गाडी जागच्या जागी खिळायची. एवढं झकास काम त्यानं कितीतरी दिवसांत केलं नव्हतं आणि बघणारं कुणी नव्हतं.

रावजी गाडी न्यायला आला तो दुसऱ्या एका मेकॅनिकला घेऊन, तपासून घ्यायला. भावाच्या दारात, भावाच्या तोंडावर. त्या मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं, डिस्कवर बोट फिरवून नाकाशी नेलं आणि मान डोलावली. रांगेतली माणसं हात बांधून उभी होती.

जालिंदर शेवटचं चाक आवळत होता.

"आई कशी हाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"आईचं काय, मजेत हाय. दसऱ्याला केमला गेलो तवा तिनंच समद्यास्नी सांगितलं, पारावर बसून." रावजी सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "म्हनली, थोरल्याचा हात गेला आता. तेल पुसायचं बी त्येला सुदरंना."

म्हातारीला नावं ठेवणं सोपं आहे. तिला राहायला तोच फ्लॅट होता, तोच रावजी होता, आणि त्यानं चारदा खोदून विचारल्यावर पाचव्यांदा तिनं दुसरं काय सांगायचं होतं? पण जालिंदरच्या हातातला पाना नटावर होता तो तिथंच थांबला. कल्लप्पानं एक पाऊल मागं घेतलं. आता हा पाना कुणाच्या डोक्यात बसतो ह्याची त्याला खात्री नव्हती.

जालिंदरनं नट पूर्ण आवळला. उठला, हात पुसले, खिशातून किल्ली काढून रावजीच्या हातात ठेवली.

"खरं बोलती ती," तो म्हणाला. "आन हे बग, तिला पुढं बसवशील तवा पट्टा लावत जा. तिला लावता येत न्हाय."